आतले आटे पाडायचे आहेत? टॅप निवडण्याआधी हे वाचा



"टॅप म्हणजे काय?" असं वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "नळ!" बरोबरच आहे. इंग्रजीच्या तासाला आम्ही तेच शिकवतो. पण आज आपण ज्या टॅपविषयी बोलणार आहोत तो वेगळा. तो पाणी देत नाही, तो लोखंडाच्या भोकात आटे पाडतो.

विषय कसा निघाला ते सांगते. माझ्या वर्गातून चौथी पास होऊन गेलेला एक मुलगा आता आयटीआयला फिटर ट्रेड करतोय. परवा आठवडी बाजारात भेटला. चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "बाई, दोन दिवस कानस मारून जॉब तयार केला होता. फक्त एका भोकात आटे पाडायचे राहिले होते. टॅप आतच तुटला."

मी विचारलं, "टॅप कितीचा होता?"

"दहाचा."

"आणि ड्रिल कितीचं मारलंस?"

"आठचं. सूत्राने काढलं बाई, ८.१६ आलं. पेटीत आठचं होतं, तेच मारलं. मग टॅप जाईना, म्हणून पाना लावला."

माझे वडील फिटर होते. त्यांच्या हाताखाली बसून लहानपणी हे सगळं बघितलेलं, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच लक्षात आलं. पोराचं सूत्र बरोबर होतं, वजाबाकीही बरोबर होती. पण निघालेलं उत्तर बोल्टचं माप होतं, भोकाचं नव्हतं! त्याने टॅप चांगला निवडला, पण भोक चुकीचं निवडलं.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. टॅप निवडणं ही पहिली पायरी नाही. आधी आटा ओळखायचा, मग भोक ठरवायचं आणि मग टॅप हातात घ्यायचा. हा क्रम पाळला तर टॅप सहसा तुटत नाही. चला तर मग, एकेक पायरी बघूया.

आटे म्हणजे नेमकं काय?

एक साधा प्रयोग करा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून कागद पेन्सिलीभोवती गुंडाळत जा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर गोल गोल फिरत खाली उतरताना दिसेल. हाच आटा! म्हणजे आटा हा गुंडाळलेला उतार आहे. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत वर चढतो, तसाच.

बोल्टवर बाहेरून जे असतात ते बाहेरचे आटे. नटात किंवा एखाद्या जाड पट्टीच्या भोकात जे असतात ते आतले आटे. बाहेरचे आटे डायने पाडतात, आतले टॅपने. टॅप दिसायला बोल्टसारखाच असतो, पण त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात. या खाचांमुळे आट्यांना धारदार कडा मिळतात आणि कापलेला कीस बाहेर पडायला जागाही मिळते.

टॅप निवडण्यासाठी आपल्याला आट्याच्या चार गोष्टी माहीत हव्यात.

१. बाहेरचा व्यास: आट्यांच्या टोकांवरून मोजलेली जाडी. एम १० म्हणजे हा व्यास १० मिमी.
२. पिच: एका आट्याच्या टोकापासून शेजारच्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर.
३. कोन: आट्याच्या दोन उतारांमधला कोन.
४. दिशा: उजवा आटा की डावा, म्हणजे उलटा.

पायरी पहिली: आटा ओळखा

"सहाचा बोल्ट बसेल असे आटे पाडून द्या" एवढं सांगून भागत नाही. कारण बाजारात एकाच जाडीचे, पण वेगवेगळ्या आट्यांचे बोल्ट मिळतात.

जुन्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडायचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला. आजचा मेट्रिक आटाही ६० अंशांचाच आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातली बरीच यंत्रं इंची मापाची होती. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं आली, पण जुन्या यंत्रांवर आणि काही वस्तूंवर इंची आटे आजही भेटतात.

गोंधळ कुठे होतो ते बघा.

पाव इंची व्हिटवर्थ बोल्टची जाडी ६.३५ मिमी असते आणि एका इंचात २० आटे असतात. म्हणजे पिच झाली १.२७ मिमी. एम ६ बोल्टची जाडी ६ मिमी आणि पिच १ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात! पण इंची भोकात एम ६ बोल्ट लावला तर तो नीट बसत नाही. उलट, एम ६ च्या भोकात इंची बोल्ट जोर लावून घातला तर दोघांचेही आटे जातात.

नळाच्या पाइपचा प्रकार तर आणखी मजेशीर. "अर्धा इंची" पाइपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसतोच, तो जवळपास २१ मिमी असतो! कारण अर्धा इंच हे नाव पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. या पाइपच्या आट्यांना बीएसपी म्हणतात. त्यासाठी पाइपचाच वेगळा टॅप लागतो. साधा अर्धा इंची टॅप इथे कामाचा नाही.

मेट्रिकमध्येसुद्धा दोन प्रकार आहेत, जाड पिच आणि बारीक पिच. १४ मिमीच्या नेहमीच्या बोल्टची पिच २ असते, पण १४ मिमीच्या स्पार्क प्लगची पिच १.२५ असते. इंजिनच्या भोकात "१४ चाच आहे ना" म्हणून नेहमीचा टॅप फिरवला तर उरलेसुरले आटेही गेलेच म्हणून समजा.

दिशेचं उदाहरण तर सायकलवरच आहे. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणजे चालवताना पॅडल आपोआप सुटत नाही. डाव्या क्रँकचे आटे दुरुस्त करायचे असतील तर उलटा टॅप लागतो. त्यावर एलएच अशी अक्षरं असतात.

*पिच मोजायची कशी?* पिच गेज असेल तर उत्तम. त्याची पाती एकेक करून आट्यांवर ठेवायची. ज्या पातीखालून उजेड दिसत नाही ती आपली पिच. गेज नसेल तर शाळेची पट्टी चालते. बोल्टवर पट्टी धरा आणि आट्याच्या एका टोकापासून पुढच्या १० आट्यांचं अंतर मोजा. ते १५ मिमी आलं तर पिच १.५. साडेबारा आलं तर १.२५. एकाच आट्याचं अंतर मोजायला जाऊ नका, पट्टीवर ते नीट कळत नाही. दहाचं मोजून दहाने भागलं की चूकही दहापट कमी होते.

आणि सगळ्यात सोपा उपाय: ज्या बोल्टसाठी आटे पाडायचे तो बोल्ट खिशात घालून दुकानात जा. त्याला बसणारा नवा नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला की आट्याचं नाव कळलंच!

पायरी दुसरी: भोकाचं माप ठरवा

आमच्या त्या विद्यार्थ्याची गाडी इथेच अडली होती. म्हणून या पायरीवर थोडं थांबूया.

टॅप भोकाच्या भिंतीत खाचा पाडतो. त्यामुळे भोक बोल्टपेक्षा लहान हवं हे उघड आहे. पण किती लहान?

मुलाने वापरलेलं सूत्र असं: आट्याची खोली = ०.६१३४ × पिच. दोन्ही बाजूंची मिळून १.२२६८ × पिच. एम १० ची पिच १.५, म्हणून १.२२६८ × १.५ = १.८४. आणि १० − १.८४ = ८.१६ मिमी. हिशोब चोख आहे. पण ही खोली बोल्टवरच्या आट्याची आहे. ८.१६ हा बोल्टच्या आट्यांच्या तळाचा व्यास झाला.

आतल्या आट्यांची टोकं बोल्टच्या आट्यांच्या तळाला टेकत नाहीत. मध्ये थोडी फट ठेवलेली असते. एम १० च्या नटाचा आतला व्यास ८.३८ मिमीच्या आसपास धरतात. म्हणजे ८ मिमीचं भोक नटापेक्षाही लहान आणि बोल्टच्या तळापेक्षाही लहान! अशा भोकात टॅपला नुसते आटे कापायचे नसतात, तर सगळं भोकच मोठं करायचं असतं. ते काम टॅपचं नाही. तो अडकतो. आपण जोर वाढवतो. तो तुटतो.

मग योग्य माप कोणतं? वर्कशॉपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सोपा नियम आहे:

ड्रिलचं माप = बाहेरचा व्यास − पिच

एम १० साठी १० − १.५ = ८.५ मिमी. बस्स! मेट्रिक आट्यांसाठी नेहमी लागणारी मापं अशी:

• एम ३, पिच ०.५: ड्रिल २.५ मिमी
• एम ४, पिच ०.७: ड्रिल ३.३ मिमी
• एम ५, पिच ०.८: ड्रिल ४.२ मिमी
• एम ६, पिच १: ड्रिल ५ मिमी
• एम ८, पिच १.२५: ड्रिल ६.८ मिमी
• एम १०, पिच १.५: ड्रिल ८.५ मिमी
• एम १२, पिच १.७५: ड्रिल १०.२ मिमी
• एम १६, पिच २: ड्रिल १४ मिमी

एम ८ ची वजाबाकी ६.७५ येते आणि एम १२ ची १०.२५, पण बाजारात ६.८ आणि १०.२ चं ड्रिल सहज मिळतं, म्हणून तेच धरतात.

आता मनात प्रश्न येईल, "बाई, भोक मोठं ठेवलं तर आटे कमी खोल पडतील. मग ते कच्चे नाही का राहणार?" चांगला प्रश्न आहे. वरच्या नियमाने साधारण पाऊण खोलीचे आटे पडतात. भोक लहान ठेवून पूर्ण खोलीचे आटे पाडले तर मजबुती अगदी थोडी वाढते, पण टॅपवरचा ताण कितीतरी जास्त वाढतो. म्हणजे फायदा चार आण्यांचा आणि धोका रुपयाचा. पण याचा अर्थ भोक कितीही मोठं चालेल असा नाही. एम १० ला ९ मिमीचं भोक घेतलं तर आटे जेमतेम अर्ध्या खोलीचे पडतात आणि बोल्ट आवळताना ते जाऊ शकतात.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच. नेमकं ड्रिल नसेल तर ते आणा. "जवळचं आहे, चालेल" म्हणून त्याहून लहान ड्रिल कधीही मारू नका. एम ८ ला ६.८ ऐवजी ७ चं भोक हलक्या कामाला एखादे वेळी निभावून जाईल, पण ६.५ चं भोक टॅपचा बळी घेईल.

पायरी तिसरी: भोक आरपार आहे की बंद?

दुकानात "एम १० चा हॅन्ड टॅप द्या" म्हटलं की बहुतेक वेळा तीन टॅपचा सेट मिळतो. तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवखा माणूस हाताला येईल तो उचलतो. पण फरक त्यांच्या टोकाला आहे.

*पहिला टॅप (टेपर):* टोकाकडचे साधारण आठ-दहा आटे निमुळते असतात. त्यामुळे तो भोकात सरळ शिरतो आणि थोडं थोडं कापत जातो. सुरुवात नेहमी यानेच करायची.

*दुसरा टॅप:* टोकाकडचे तीन ते पाच आटे निमुळते.

*तिसरा टॅप (बॉटमिंग):* फक्त एक-दोन आटे निमुळते. बंद भोकाच्या तळापर्यंत आटे पोहोचवायचे काम याचं.

इथे नावांचा एक घोळ आहे, तो समजून घ्या. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या टॅपला प्लग टॅप म्हणतात. अमेरिकेच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत मात्र प्लग म्हणजे दुसरा टॅप. म्हणून नावावर जाऊ नका. टोक बघा.

भोक आरपार असेल तर पहिला टॅप पूर्ण पलीकडे काढता येतो. त्याच्या मागून दुसरा फिरवला की आटे साफ होतात. भोक बंद असेल तर तिन्ही टॅप क्रमाने लागतात. शिवाय बंद भोक आट्यांच्या खोलीपेक्षा चार-पाच मिमी जास्त खोल पाडावं, म्हणजे कीस साठायला जागा राहते आणि टॅपचं टोक तळावर आपटत नाही. टॅप तळाला टेकला तरी हात फिरवतच राहिला, तर टॅप तुटलाच म्हणून समजा.

आणखी एक बारकावा. काही सेटमध्ये तिन्ही टॅपचा व्यास सारखाच असतो, फक्त टोकाचा निमुळतेपणा वेगळा. काही सेटमध्ये मात्र पहिला आणि दुसरा टॅप मुद्दाम थोडे बारीक केलेले असतात आणि पूर्ण माप फक्त तिसराच देतो. या दुसऱ्या प्रकारात दांड्यावर गोल रेघा असतात. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर एकही नाही किंवा तीन. असा सेट असेल तर भोक आरपार असलं तरी तिन्ही टॅप मारावेच लागतात. नाहीतर बोल्ट जात नाही आणि आपण बोल्टलाच दोष देत बसतो!

पायरी चौथी: टॅप कशाचा बनलाय आणि खाचा कशा आहेत?

स्वस्त टॅप कार्बन स्टीलचे असतात. जुने, गंजलेले आटे साफ करायला किंवा वर्षातून एखाद्या वेळी ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायला ते ठीक आहेत. पण त्यांची धार लवकर जाते. बोथट टॅप कापत नाही, ढकलतो, आणि मग तुटतो. रोजच्या कामाला हायस्पीड स्टीलचा टॅप घ्या. त्याच्या दांड्यावर एचएसएस असं लिहिलेलं असतं. पैसे थोडे जास्त जातात, पण एक जॉब वाचला तरी ते वसूल!

दांडा वाचायची सवय लावून घ्या. त्यावर व्यास, पिच आणि धातू हे तिन्ही लिहिलेलं असतं. कधी ६एच असंही दिसतं. ती नेहमीच्या नट-बोल्टच्या बसण्याची श्रेणी आहे. साध्या कामाला तीच हवी.

हाताने मारायच्या टॅपच्या खाचा सरळ असतात. दुकानात पीळदार खाचांचेही टॅप दिसतील. ते मुख्यतः यंत्रावर वापरतात. त्यांचा पीळ कीस वर ओढून काढतो, म्हणून बंद भोकाला ते सोयीचे. दुसऱ्या एका प्रकारात खाचा सरळ असतात, पण टोकाशी तिरका काप असतो. तो कीस पुढे ढकलतो, म्हणून आरपार भोकाला चांगला. शिकणाऱ्याने मात्र सरळ खाचांच्या तीनच्या सेटवरच हात बसवावा.

पायरी पाचवी: हँडल टॅपच्या मापाचं हवं

टॅप धरायच्या हँडलला टॅप रेंच म्हणतात. याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मोठ्या टॅपला दोन्ही हातांनी धरायचं लांब हँडल लागतं. एम ३, एम ४ सारख्या बारीक टॅपला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं छोटं हँडल घ्यावं. अडचणीच्या जागीही तेच बरं पडतं.

बारीक टॅपला लांब हँडल लावलं तर काय होतं? सातवी-आठवीत तरफ शिकलो होतो ते आठवा. दांडा जेवढा लांब तेवढा जोर जास्त. बोटाने जाणवणारा विरोध लांब दांड्यावर जाणवतच नाही. आपल्याला वाटतं टॅप छान चाललाय आणि तेवढ्यात "टक्" असा आवाज येतो.

पाना लावण्यात दुसरीच गडबड आहे. पाना एकाच बाजूने ओढतो, त्यामुळे टॅप कलतो. टॅप फार कडक असतो, त्यामुळे तो वाकत नाही, सरळ मोडतो. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा जोर देणारंच हँडल हवं. पाना लावायची वेळ आली, तर कुठेतरी आधीची पायरी चुकली आहे हे ओळखायचं आणि हात थांबवायचा.

धातू बदलला की तेलही बदलतं

• साधं लोखंड आणि पोलाद: कटिंग ऑइल हवंच.
• ॲल्युमिनियम: रॉकेल चांगलं. नाहीतर कीस टॅपला चिकटून बसतो.
• पितळ: कोरडं चालतं किंवा थेंबभर हलकं तेल.
• बीड: कोरडंच. बीडमध्ये मुळातच ग्राफाइट असतं, तेच वंगणाचं काम करतं. तेल घातलं तर भुकटीचा चिखल होतो.

आता टॅप मारूया

निवड झाली की काम फार अवघड नाही. भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने हलकी घळ द्या. जॉब व्हाइसमध्ये पक्का बांधा. पहिला टॅप भोकावर उभा ठेवून, हलका दाब देत एक-दोन फेरे फिरवा. मग हँडल काढून गुण्या लावा. आधी एका बाजूने बघा, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने. तिरपा असेल तर इथेच सुधारायला वाव असतो, पुढे नाही.

टॅप एकदा पकडला की वरून दाबायची गरज नाही. तो आपल्या आट्यांनीच आत जातो. अर्धा-एक फेरा पुढे, मग पाव-अर्धा फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचं हाताला कळतं. बंद भोकात मधूनमधून टॅप पूर्ण बाहेर काढून कीस साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, कीस डोळ्यात जातो. ब्रश वापरा आणि चष्मा लावा.

कधी कधी टॅप न मारणंच शहाणपणाचं

आमच्या शाळेत लोखंडी बाक आले होते. फळ्या बसवायला चौकोनी पाइपला भोकं पाडून एम ८ चे आटे पाडलेले. सहामाही परीक्षेपर्यंत निम्म्या फळ्या डुगडुगायला लागल्या. एका बाकाची फळी निघून मुलाच्या पायावर पडली, नशीब थोडक्यात निभावलं. मी पाइपची जाडी मोजली, दीड मिमी! एम ८ ची पिच १.२५. म्हणजे बोल्ट जेमतेम एका आट्यावर लटकत होता. टॅपही बरोबर होता, भोकही बरोबर होतं, पण आट्यांना बसायला जागाच नव्हती.

साधारण नियम असा: पोलादात आट्यांची लांबी निदान बोल्टच्या व्यासाएवढी असावी. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत दीडपट ते दुप्पट. पत्रा पातळ असेल तर टॅपचा नाद सोडा. मागे नट वेल्ड करून घ्या किंवा आरपार बोल्ट घालून नट लावा. आमच्या बाकांना शेवटी आरपार बोल्टच लावले.

आणि तुटलाच तर?

घाबरू नका आणि लगेच ड्रिल घेऊन मागे लागू नका. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, ड्रिलच तुटेल. टोक वर राहिलं असेल तर पक्कडीने धरून हळूहळू उलटं फिरवा. आत तुटला असेल तर खाचांत बोटं अडकवून फिरवायचं टॅप एक्स्ट्रॅक्टर मिळतं. मोठा टॅप असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवतात. तापवून, सावकाश थंड करून मऊ केला की मग ड्रिलने काढता येतो. महागडा जॉब असेल तर ठिणगीने कोरणाऱ्या यंत्रावर तो काढून मिळतो. यातलं काहीही करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण टॅपचा तुकडा काचेसारखा उडतो.

थोडक्यात, टॅप घेण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. आटा मेट्रिक, इंची की पाइपचा? उजवा की उलटा?
२. व्यास किती, पिच किती?
३. व्यास − पिच एवढं ड्रिल माझ्याकडे आहे का?
४. आट्यांना पुरेशी जाडी आहे का?
५. भोक आरपार की बंद?
६. धातू कोणता, तेल कोणतं?
७. हँडल टॅपच्या मापाचं आहे का?

सगळ्यांची उत्तरं मिळाली की कोणता टॅप घ्यायचा हे वेगळं विचारावंच लागत नाही.

बाजारात त्या दिवशी मी पिशवीतली भाजीची पावती काढून तिच्या मागे एवढंच लिहून दिलं: १०.० − १.५ = ८.५. त्याने बघितलं आणि हसला. म्हणाला, "बाई, हे तर चौथीतलं गणित आहे." खरं आहे. दशांशाच्या चिन्हाखाली चिन्ह मांडायला मीच त्याला शिकवलं होतं. पण त्या वजाबाकीच्या उत्तरावर कधी दोन दिवसांची मेहनत अवलंबून असेल, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं, ना मी सांगितलं होतं. या वर्षीपासून मी वर्गात एक बोल्ट आणि एक नट ठेवते. दशांश अपूर्णांकांचा तास मी आता तिथूनच सुरू करते.

तुमच्या ओळखीत कुणी आयटीआयला शिकत असेल तर हा लेख त्याला जरूर वाचायला द्या. एखादा टॅप वाचला तरी लिहिण्याचं चीज झालं असं मी समजेन.